प्रस्तावना : होल्डर बघून बल्ब

घरातला सगळ्यात खर्चिक दिवा कोणता, असं विचारलं की माणसं हॉलमधल्या ट्यूबकडे बोट दाखवतात. जुन्या घरांत खरं उत्तर बऱ्याचदा देवघरात सापडतं. देवांच्या मागे लावलेल्या त्या इवल्याशा लाल बल्बला आपण ‘झिरोचा बल्ब’ म्हणतो, पण तो शून्य वॅटचा कधीच नव्हता. तारेचा जुना झिरो बल्ब साधारण १५ वॅट खातो. जुनं चकतीचं मीटर एवढ्या बारीक भारावर जेमतेम हलायचं, म्हणून तो फुकटात जळतो असा समज रूढ झाला. देवापुढचा उजेड मालवायचा नसतो, त्यामुळे हा बल्ब चोवीस तास चालू. १५ वॅट, २४ तास, ३० दिवस, असा हिशेब मांडला तर महिन्याला १०.८ युनिट होतात. त्याच घरात ६० वॅटचा जुना बल्ब रोज चार तास लावला तर होतात ७.२ युनिट. म्हणजे ज्याच्या उजेडात पोथीचं एक अक्षर लागत नाही, तो दिवा घरभर उजेड देणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त वीज खातो. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो लावला की महिन्याचा खर्च अर्ध्या युनिटाच्याही खाली येतो.

ही पुस्तिका अशाच हिशेबांची आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतली घरं, तिथला उन्हाळा, तिथली वीज आणि तिथल्या भिंतींवर, छतांवर आधीपासून बसवलेले होल्डर समोर ठेवून ती लिहिलेली आहे. बल्ब निवडण्यात शिकण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. पण बल्ब एकटा कधीच नसतो. त्याच्या मागे होल्डर असतो, होल्डरमागे वायर, वायरमागे डीपी, आणि त्याच्या पुढे भिंत, छत आणि उजेडात काहीतरी करू पाहणारा माणूस. यातली एक बाजू जरी दुकानात विसरली, तरी चांगल्या कंपनीचा बल्बही सहा महिन्यांत मान टाकतो, किंवा टिकतो पण कोणाच्या उपयोगी पडत नाही.

मराठवाड्याला विजेच्या बचतीचे धडे बिलाने शिकवले नाहीत, अंधाराने शिकवले. २००५ नंतरची सात-आठ वर्षं आठवा. महावितरणने वीजगळती आणि वसुली यांवरून फिडरची प्रतवारी केली होती. आपल्याकडचे बरेच फिडर त्या यादीच्या तळाशी असल्याने भारनियमनाचे तासही आपल्याच वाट्याला जास्त आले. खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास वीज नाही, हे कोणाला नवल वाटायचं नाही. त्याच काळात महावितरणची अक्षय प्रकाश योजना आली. संध्याकाळच्या वेळी गावाने मोटारी लावायच्या नाहीत, पिठाच्या गिरण्या चालवायच्या नाहीत, आणि त्या बदल्यात घरात दिव्यापुरती वीज राहील, असा तो सौदा होता. ज्या गावांनी तो पाळला तिथे संध्याकाळच्या स्वयंपाकाला उजेड मिळाला. कोणी चोरून मोटार सुरू केली की अख्ख्या गावाचे दिवे पिवळे पडायचे आणि ती कोणाची, हेही गावाला लगेच कळायचं.

शहरांत इन्व्हर्टर आले, आणि इन्व्हर्टरसोबत सीएफएल आला. तेव्हा सीएफएल घेणाऱ्या माणसाला युनिट वाचवण्यात फारसा रस नव्हता. त्याला बॅटरी वाचवायची होती. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हातात पडतात त्याहून बरेच कमी. त्यावर ६० वॅटचे तीन बल्ब आणि दोन पंखे टाकले की मुलांचा अभ्यास संपायच्या आत इन्व्हर्टर किंचाळायला लागायचा. त्याच बॅटरीवर १५ वॅटचे सीएफएल लावले की रात्रीचं जेवणही उजेडात व्हायचं. ‘ऊर्जा बचत’ हा शब्द सरकारी फलकावर होता; घरात त्याचं रूप इतकं रोकडं होतं.

मग एलईडी आला आणि चित्र फार झपाट्याने बदललं. पांढरा उजेड देणारा एलईडी बनला तो निळ्या एलईडीमुळे: निळी चिप आणि तिच्यावर पिवळट फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. त्या निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली. ईईएसएल या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तोच २०१६ पर्यंत चाळिशीच्या खाली आला. देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले, त्यांतले दोन कोटींवर महाराष्ट्रात. महावितरणच्या कार्यालयाबाहेर वीजबिलाची प्रत हातात घेऊन लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. सरकारी योजनेचा फायदा ती न घेणाऱ्यांनाही व्हावा, असं क्वचित घडतं. इथे घडलं, कारण बाजारातल्या सगळ्याच बल्बांचे भाव खाली आले.

आता या पुस्तिकेचा खरा मुद्दा. बचतीचा मोठा घास आपण आधीच खाऊन झालेलो आहोत. ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा लावला तेव्हा रोजच्या पाच तासांवर महिन्याला साडेसात युनिटांच्या वर वाचलं. तीन बल्ब बदलले तर तेवीस. घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा जवळजवळ दुप्पट महाग असतो आणि वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं, त्यामुळे तो फरक बिलात स्पष्ट दिसला. पण आता ९ वॅटचा घ्यावा की १२ चा, यावर दुकानात घासाघीस करणाऱ्याने एक आकडा लक्षात घ्यावा. तीन वॅटचा फरक, रोज पाच तास, महिना झाला तर होतं ०.४५ युनिट. अर्धंही नाही! तेवढ्यासाठी आई अंधूक उजेडात तांदूळ निवडते आणि मुलगा वहीवर वाकून लिहितो. दुसरीकडे, ७५ वॅटचा जुना पंखा एप्रिल-मे महिन्यांत रोज अठरा तास फिरतो आणि एकटा चाळीस युनिट घेऊन जातो. बिल कमी करायचं असेल तर आता पंख्याकडे बघा. बल्ब निवडताना उजेडाची काटकसर करू नका.

दुकानात मात्र अजून जुनाच संवाद चालतो. नांदेडच्या वजिराबादेत जा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास, काउंटरवर एवढंच ऐकू येतं :

“मामा, बल्ब द्या एक.”

“कितीचा?”

“नऊचा. पांढरा. गॅरंटीचा द्या.”

“लावून बघू?”

दुकानदार काउंटरवरच्या होल्डरला बल्ब लावतो, दोघांचे डोळे दिपतात, सौदा होतो. बल्ब कुठे लागणार आहे, होल्डर कसला आहे, वर काच आहे का, हे दोघांपैकी एकही जण विचारत नाही. काउंटरवर डोळ्यांपासून हातभर अंतरावर प्रत्येकच बल्ब झगझगीत दिसतो. लावून बघण्याने बल्ब चालतो की नाही एवढंच कळतं.

वॅट म्हणजे बल्ब किती खातो, आणि लुमेन म्हणजे तो किती देतो. खोक्यावर दोन्ही आकडे असतात, लुमेनचा जरा बारीक अक्षरात. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, १०० वॅटचा १३०० च्या आसपास, नवी कोरी ४० वॅटची ट्यूब २४०० पर्यंत. उजालाचा ९ वॅटचा बल्ब ९०० देतो. ट्यूब काढून तिथे ९ वॅटचा बल्ब लावणाऱ्या माणसाला खोली उदास वाटते, यात एलईडीचा दोष नाही. त्याने ट्यूबच्या निम्म्याहून कमी उजेड लावलेला असतो. ट्यूबच्या जागी २० वॅटची, २००० लुमेनची पट्टीच हवी. त्यात ४० वॅटच्या जुन्या ट्यूबवर तिचा लोखंडी चोक आणखी दहा-बारा वॅट खायचा तो वेगळाच, म्हणजे इथे बचतही निम्म्याहून जास्त होते. सारख्या वॅटच्या दोन बल्बांत लुमेन जास्त असेल तो घ्यावा. घराघरात एवढं पोचलं तरी या पुस्तिकेचं अर्धं काम झालं.

पण लुमेन जातात कुठे? इथे आपल्या घरांकडे नीट बघावं लागतं. या भागातली जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, पण खिडक्या नावाला. दिवसा उजेड यायचा तो माळवदातल्या सवण्यातून, आणि रात्री दिवळीतल्या दिव्याचा. वीज आली तेव्हा या घरांत बहुधा मधल्या तुळईला वायर गुंडाळून एक बल्ब खाली सोडला गेला. धुराने काळं पडलेलं लाकूड वरचा उजेड गिळून टाकतं. चारी दिशांना उजेड फेकणाऱ्या तारेच्या बल्बचा वरचा भाग तिथे वायाच जायचा. एलईडी बल्बची मागची बाजू प्लास्टिकची किंवा धातूची असते आणि उजेड मुख्यतः घुमटाच्या दिशेने पडतो. लोंबत्या होल्डरला लावला की तो सरळ खाली येतो. माळवदाच्या घरात त्यामुळे कमी लुमेनचा एलईडीही जुन्या बल्बपेक्षा सरस वाटतो.

तोच बल्ब भिंतीवरच्या तिरक्या होल्डरला लावा, उलटं होतं. उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो, होल्डरच्या बाजूची भिंत आणि तिच्याखालची जागा काळोखात. स्वयंपाकघरात ही चूक इतकी सर्रास दिसते की ती आता कोणाला चूक वाटत नाही. बाई ओट्याकडे तोंड करून उभी, बल्ब तिच्या पाठीमागच्या भिंतीवर, आणि चिरायच्या भाजीवर तिचीच सावली. अशा जागी १५ वॅटचा बल्ब लावूनही उपयोग नाही. ओट्याच्या वर, फळीखाली, दोन फुटांची पाच-सात वॅटची पट्टी लावली की काम होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत ही माळवदं आणि दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या, हजारो माणसं झोपेतच गेली. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांना काँक्रीटची छतं, पातळ भिंती, मोठ्या खिडक्या, आत चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा पांढरा हात. भूकंपाने घर बदललं त्यासोबत घरातला उजेडही बदलला, याकडे फारसं कोणी लक्ष दिलेलं नाही. पांढऱ्या छताखाली उजेड उसळून परत येतो. तिथे पसरट पट्टी किंवा छताला चिकटणारा पॅनल शोभतो, आणि लोंबता उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो. एकाच गावात, एकाच भावकीत, जुन्या वाड्याचा उरलेला सोपा आणि पलीकडे स्लॅबचं घर अशी दोन्ही असतात. दोन्हींकडे एकाच खोक्यातले बल्ब लावले जातात. रंग द्यायला आलेल्या माणसाला छतासाठी पांढराच रंग सांगणं, हे बल्बची खरेदी अर्ध्यावर आणण्यासारखं आहे. पण पीओपीत निळे-गुलाबी पट्टे हवेत असा हट्ट असतो, त्याला काय करणार.

लातूरची आणखी एक खोली या विषयात महत्त्वाची आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर नेलं. तेव्हापासून मराठवाड्यातली मुलंमुली अकरावी-बारावीसाठी, आता नीटसाठी, लातूर गाठतात. नांदेडलाही हेच सुरू आहे. घरमालकाने बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन किंवा तीन कॉट, भिंतीतलं एक कपाट, आणि दारावरच्या होल्डरला एक ९ वॅटचा बल्ब. मीटर वेगळं नसतं, त्यामुळे मालक सांगतो, जास्त वॅटचा लावू नका. या खोलीत रात्री दीडपर्यंत भौतिकशास्त्र वाचलं जातं. त्याच पुस्तकात अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम आहे. बल्ब दोन मीटरवर असेल तेव्हा वहीवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या सोळापट उजेड तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला की पडतो. दारावरच्या ९ वॅटच्या बल्बचे वहीवर जेमतेम तीस-चाळीस लक्स पडतात. वाचन-लेखनाला साधारण ३०० तरी असावेत असं मानलं जातं. उपाय महागडा नाही: टेबलावर किंवा कॉटच्या कडेला चिमट्याचा दिवा, त्यात पाच-सहा वॅटचा बल्ब, बल्ब दिसणार नाही अशी शेड, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी तो डाव्या बाजूला. खोलीतला मोठा दिवाही चालू ठेवावा, कारण काळोखात एकटी वही उजळली की डोळे लवकर शिणतात. पोराला लातूरला ठेवायला आलेल्या आईबापांनी गादी, बादली, कुलूप यांच्या यादीत हा दिवाही धरावा.

आता होल्डर. आपल्याकडे बहुतेक घरांत दोन पिनांचा, दाबून फिरवायचा होल्डर असतो. नव्या फॅन्सी दिव्यांना आट्यांचा येतो, ज्याला दुकानात ‘चुडीचा’ म्हणतात. झुंबराला त्याहून बारीक आट्यांचा. आधी घरी होल्डर बघून मग दुकानात जावं, हे सांगायला नको. पण कन्व्हर्टर लावून एकाचा बल्ब दुसऱ्यात बसवायची सवय मोडायला हवी. कन्व्हर्टरमुळे बल्ब इंचभर पुढे येतो, शेडच्या बाहेर डोकावतो, आणि जोड सैल राहतो. जुन्या बेकलाइटच्या होल्डरमधल्या स्प्रिंग तारेच्या बल्बच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून निघालेल्या असतात. पिना नीट टेकत नाहीत, आत बारीक ठिणगी उडत राहते, बल्ब लुकलुकतो आणि बिचाऱ्या बल्बला नावं ठेवली जातात. एका जागी वर्षात दोन बल्ब गेले तर तिसरा आणण्याआधी होल्डर बदला. तो बल्बपेक्षा स्वस्त असतो.

काचेच्या बंद गोळ्यात, बाथरूमच्या झाकणबंद दिव्यात किंवा पीओपीतल्या खोबणीत बल्ब बसवायचा असेल तर अधिक जपावं लागतं. एलईडी तारेच्या बल्बसारखा चटका देत नाही, म्हणून त्याला उष्णतेची पर्वा नाही असं वाटतं. वस्तुस्थिती उलटी आहे. तारेचा बल्ब गरमच असायचा, एलईडीला गरम चालत नाही. त्यातली चिप सहसा आधी जात नाही. आधी जातो तो ड्रायव्हर, आणि त्यातही त्याचा कपॅसिटर. कपॅसिटरभोवतीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, पत्र्यालगत, संध्याकाळी सातलाही हवा त्याहून फारशी थंड नसते. त्यात बंद गोळा. खोक्यावरचे २५,००० तास हे अशा भट्टीत मोजलेले नसतात. पत्र्याखाली बल्ब लावायचा तर तो पत्र्यापासून हातभर खाली सोडावा. बंद गोळ्यात कमी वॅटचाच बल्ब घालावा, किंवा गोळ्याऐवजी त्या जागेसाठीच बनवलेला, मागे ॲल्युमिनियमची पाठ असलेला दिवा घ्यावा.

दुसरा मारेकरी व्होल्टेज. गावाकडे संध्याकाळी मोटारी सुरू असताना दाब खाली आणि मध्यरात्रीनंतर भार उतरला की वर, हा नेहमीचा खेळ. म्हणून खोक्यावर फक्त २२०-२४० व्होल्ट लिहिलेला बल्ब टाळावा आणि १०० ते ३०० व्होल्ट असा पल्ला दिलेला घ्यावा. पण एका प्रसंगी हा पल्लाही अपुरा पडतो: डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब शिरू शकतो. ‘काल एकदम लखकन उजेड झाला आणि गल्लीतले सगळे बल्ब गेले’, असं कोणी सांगितलं तर तो न्यूट्रलचा घोटाळा समजावा. तेव्हा बल्बच्या कंपनीला शिव्या देण्याऐवजी मेन स्विच बंद करून आधी लाइनमनला बोलवावं, नाहीतर बल्बमागोमाग टीव्ही आणि फ्रिजही जातील.

अगदी स्वस्त बल्बांत वेगळा ड्रायव्हर नसतोच. चिपच्याच पट्टीवर दोन-चार घटक चिकटवून काम भागवलेलं असतं. असे बल्ब हलके लागतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बहुधा पट्टे फिरताना दिसतात, आणि दाबाचा झटका सोसण्याची ताकद त्यांच्यात फार कमी असते. ते दुरुस्तीला गेले की कारागीर जळालेली चिप शोधतो, तिच्यावर झाल टाकून ती वगळतो, आणि बल्ब पुन्हा लागतो. त्याच्या हाताच्या कसबाला दाद द्यावी. मात्र एक चिप वगळली की तिच्या वाट्याचा दाब उरलेल्यांवर येतो आणि दुसरी चिप लवकर जाते. शिवाय दुरुस्तीत घुमट नीट बसला नाही तर आतल्या उघड्या पट्टीला हात लागला की शॉक बसतो. मुलांचा हात पोचेल अशा जागी दुरुस्त केलेला बल्ब लावू नये.

काही तक्रारी अशा की त्यांत बल्ब निर्दोष असतो. बटण बंद केलं तरी मंद मिणमिणतो? एक तर बटणाला इंडिकेटर आहे, किंवा वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलंय. दुसरं कारण असेल तर ते दुरुस्त करूनच घ्यावं, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट जिवंत असतो. जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना स्टार्टर काढायचा, चोक वगळायचा आणि जोडणी नव्या ट्यूबवरच्या आकृतीप्रमाणे बदलायची. हे काम माहितगाराचं आहे, स्टुलावर चढलेल्या पोराचं नाही. डिमरवर साधा एलईडी फडफडतो, तिथे डिमरसाठीचाच घ्यावा.

रंगाबद्दल मतं पक्की असतात, त्यामुळे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पांढराशुभ्र, ६५०० केल्विनचा उजेड म्हणजेच खरा उजेड असं मानतात. ओट्यावर, अभ्यासाला, हिशेबाला तो ठीक. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावून बघावा. महिनाभर वापरल्यावर परत पांढरा लावणारे थोडेच असतात. ओसरीवर आणि शेतातल्या आखाड्यावर तर पिवळसरच हवा. मृगाच्या सरी झाल्या की पांढऱ्या दिव्याभोवती पाखरांचा असा घोळका जमतो की ताटात भाकरीसोबत पंख येतात. पिवळ्याला कीड कमी येते. आखाड्यावरचा दिवा पावसात भिजणार असेल तर आयपी ६५ असं लिहिलेला घ्यावा. घरी शिलाई करणाऱ्या बायांनी खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर आहे ना, ते पाहावं, नाहीतर रात्री जुळवलेला दोरा सकाळी ब्लाउजच्या कापडाशी जुळत नाही.

कपाटाच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या सीएफएलचं काय करायचं, यावर पुस्तिकेत एक स्वतंत्र भाग आहे. सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून फुटला तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबावं, झाडू न फिरवता ओल्या कागदाने टिपून घ्यावं. तो ई-कचऱ्यात जातो, उकिरड्यावर नाही. पाऱ्याचा वापर रोखण्यासाठीच्या मिनामाता करारानुसार २०२७ पर्यंत जगभरात फ्लुओरोसंट दिव्यांचं उत्पादन थांबायचं आहे. आपल्या घरातल्या ट्यूबा त्या आधीच निवृत्त कराव्यात, हे बरं.

खरेदीच्या वेळी खोक्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. बीईई या सरकारी ब्युरोचं तारांकित लेबल, जे एलईडी बल्बांना २०१८ पासून सक्तीचं आहे. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्यासोबत ‘आर’ अक्षरापुढचा आठ अंकी क्रमांक. तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते कळतं. आणि लुमेन. यांतलं एकही नसलेला बल्ब ‘गॅरंटीचा’ म्हणून कोणी दिला, तर ती गॅरंटी त्या दुकानदाराच्या तोंडची आहे, हे समजून घ्यावं. ओळखीचा दुकानदार ती पाळतोही, पण गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्याला तिचा उपयोग नाही.

पुढची पानं वाचायला घेण्याआधी वाचकाने एक काम करावं. कागद-पेन घेऊन घरातून एक फेरी मारावी. प्रत्येक दिव्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात : होल्डर कोणता, वर झाकण आहे का, दिवा रोज किती तास जळतो, आणि त्याच्या उजेडात कोण काय करतं. हा कागद दुकानात सोबत न्यावा. बल्ब आणल्यावर त्याच्या मानेवर मार्करने तारीख लिहावी आणि बिल वीजबिलांच्याच फाइलीत ठेवावं. बहुतेक बल्बांना एक-दोन वर्षांची वॉरंटी असते, आणि बिल सापडत नाही म्हणून आपल्याकडे ती बहुधा वायाच जाते.